हिवराळे नानांची भिंत

गेल्या महिन्यात पुण्याला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये घर सजवून देणारी एक मुलगी आली होती. मुलगी गोड, बोलायला चुरचुरीत, हातात टॅब. तिनं हॉलची भिंत पाहिली, सोफा पाहिला आणि माझ्या सुनेला म्हणाली, "इथं जॅपनीज प्रिंट्सचा सेट छान दिसेल मॅडम. सोफा निळा आहे ना, मग लाटा घेऊ. कुशनपण मॅच होतील." आणि बोटानं सरकवत एका दमात सहा लाटा, चार डोंगर आणि एक पूल दाखवून मोकळी झाली.

मी आत मटार सोलत होते. राहवेना. बाहेर येऊन म्हणाले, "अगं पोरी, चित्र सोफ्याला मॅच करतात का? उद्या सोफा बदलला तर डोंगर काय रद्दीत टाकायचा?"

सून माझ्याकडं बघतच राहिली. माझा आवाज चढा आहे, त्याला इलाज नाही. वैजापूरच्या तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांवर खेकसण्यात गेली, निवृत्त झाल्यावर तो आवाज परत थोडाच करायचा असतो? मुलगी मात्र चिडली नाही. म्हणाली, "आजी, तुम्हाला आवड आहे का याची?"

मला कसली आवड! आवड होती ती आमच्या शेजारच्या हिवराळे नानांना. मी आपली भिंतीच्या पलीकडची.

आणि हे शब्दशः खरं आहे. संभाजीनगरला सिडकोत आमची घरं रांगेतली, दोन घरांत मिळून एक भिंत. त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मी आपला गॅस बंद करायला उठायचे. अशा भिंतीला हिवराळे नानांनी एका रविवारी भर दुपारी खिळे ठोकायला घेतले. मी आठवडाभर वैजापूरच्या बसचे धक्के खाऊन जरा आडवी झालेली. ठक, ठक, ठक. वर माझ्या बाजूच्या भिंतीचा पोपडा पडला तो नेमका देवघरावर. मी पदर खोचला आणि गेले तणतणत. दारात उभं राहून जे काही बोलले ते इथं लिहीत नाही.

नाना हातोडी घेऊन तसेच उभे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि दोऱ्यानं बांधलेलं एक छोटं भिंग. वाळूजच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते, म्हणजे जे साचे वापरून बाकीचे कामगार हजारो भाग काढतात, ते साचे घडवणारे. मूळचे करमाडजवळचे. माझं बोलणं संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "चुकलं, ताई. तुमच्या झोपंचं ध्यानात नव्हतं. आता खिळा ठोकायची गरजच पडणार नाय असं काहीतरी करतो."

पुढच्या रविवारी, आधी मला वेळ विचारून, त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सागवानाची एक बारीक पट्टी स्क्रूनं बसवली. तिच्यावर सरकणारे पितळेचे आकडे स्वतः कानस मारून केलेले. पट्टीवर पाणसळ ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येईपर्यंत तासभर त्या पट्टीशी झटत राहिले. मी म्हटलं, "नाना, झाली की सरळ. किती वेळ!" तर म्हणाले, "घाई कशाची, ताई? भिंत कुठं पळून चालली?"

हे त्यांचं पालुपद. दूधवाला घाईत असो, गल्लीतली गणपतीची वर्गणी मागणारी पोरं असोत, सगळ्यांना हेच. आणि जाता जाता माझ्या बाजूचा पोपडाही भरून, घासून, रंगवून दिला. तो भाग आजही बाकीच्या भिंतीपेक्षा गुळगुळीत असेल.

एवढी झटापट कशासाठी, तर चित्रांसाठी. कंपनीनं त्यांना सहा आठवडे जपानला शिकायला पाठवलं होतं. येताना बरोबरच्यांनी घड्याळं आणली, कॅमेरे आणले. नानांनी आणली एक पुठ्ठ्याची नळी. सुमनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती मोठ्या आशेनं उघडली. आत कागद. लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या जपानी चित्रांच्या नकला, बावीस. सुमनबाईंचं बोलणं मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. "लोकाच्या नवऱ्यांनी घड्याळं आणली आन् तुम्ही कागदं आणले व्हय! इमानात बसून कागदं! रद्दीवाल्याला इथून दोन गल्ल्या!" मग दोन दिवस तिकडून भांड्यांचाच तेवढा आवाज येत होता.

नानांना मात्र त्या कागदांत आपलंच काम दिसलं होतं. मला समजावून सांगताना त्यांचे हात हलायचे. "बघा ताई, प्रत्येक रंगाला येगळा ठोकळा. बारा रंग म्हंजी बारा ठोकळे, आन् बारा डाव कागद ठिवायचा. बाराही डाव तिथंच बसला पाहिजे. सूतभर हलला की नाकाचा रंग गालावर. कोपऱ्यात एक खाच करतात, तिच्यात कागदाचं टोक बसवायचं. आमच्या साच्यात तेच असतंय. म्हणलं, हे तर आपलेच भाऊबंद की!"

मी खवचटपणे म्हटलं, "पण नाना, ही तर नक्कल. खरी चित्रं तिकडंच राहिली."

"खरी तरी कुठं एक होती? तीबी छापलेलीच. शंभर माणसाच्या घरी जावी म्हणूनच छापली. एक आमच्या घरी आली, उशिरानं."

 

बावीस चित्रं होती, पण भिंतीवर एका वेळी एकच. बाकीची दिवाणाखालच्या पेटीत, मध्ये पातळ कागद घालून. तिकडं एका म्हातारीच्या घरी त्यांना जेवायला नेलं होतं, तिच्याकडंही भिंतीवर एकच होतं. दुभाष्याकडून यांनी विचारलं, बाकीची कुठंयत? म्हातारी म्हणाली, झोपलीत. नानांना ते इतकं आवडलं की पेटी उघडताना ते खरोखरच आवाज न करता उघडायचे. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर कायमची. चित्र बरोबर त्यांच्या पुढ्यात यायचं. "त्यांच्या नजरंसमोर काहीतरी धड असावं," असं नानांचं म्हणणं.

फ्रेमा सिटी चौकातल्या युसूफभाईंकडून. युसूफभाईंचा जीव सोनेरी नक्षीत. "साब, ये फोटू के लिए मोटा सोनेरी लगाता मैं. शादी का हॉल दिखेगा, माँ कसम!" नाना म्हणायचे, "युसूफभाई, शादी नको, बारीक काळी पट्टी मारा." हा संवाद बावीस वेळा झाला असणार.

चित्र कधी बदलायचं याचं त्यांचं पंचांग वेगळं होतं. ऐन मे महिन्यात, पत्र्याची टाकी हात लावू देत नाही अशा दिवसांत, ते बर्फ टांगायचे. संध्याकाळची वेळ, लहानसं गाव, छपरांवर बर्फ, आणि चढावरून तीन वाटसरू वाकून चाललेले. जुलै कोरडा गेला की पावसाचं चित्र काढायचे. "हितं पडंना, तर भिंतीवर तरी पडू द्या."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सांगायची लाज वाटते आणि गाळून पुढं जायचीही लाज वाटते. शेजारी राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी हिवराळ्यांकडं चहा घेतला नव्हता. उपास आहे, आत्ताच झाला, पित्त होतं, अशी कारणं. पाटलाच्या घरातली मी, माहेरी जे पाहिलं ते हाडात बसलेलं. त्यांना कारण कळत नव्हतं असं नाही. सुमनबाई विचारायच्या, मी नाही म्हणायचे, त्या मान हलवायच्या.

मग एका मे महिन्यात वीज गेलेली असताना मी त्यांच्याकडं बसले होते. समोर ते बर्फाचं गाव. नाना सांगत होते की हे पांढरं जे दिसतंय तिथं रंगच नाही, तो नुसता कोरा कागद आहे, न छापलेला. मी बघत राहिले. खोटं नाही सांगत, मानेवरचा घाम गार वाटला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, खाली पाहिलं तर माझ्या हातात रिकामी बशी. सुमनबाईंनी कधी दिली, मी कधी प्याले, काही पत्ता नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "अजून घालू का?" मी म्हटलं, "घाला." एवढंच झालं. त्यानंतर तेवीस वर्षांत मी त्या घरी किती चहा प्याले असेन त्याची गणती नाही, पण त्या पहिल्या चहाची चव मला आठवत नाही याचं वाईट वाटतं.

त्या चित्रांमध्ये एक बाई होती. तिचा किस्सा मी मेले तरी विसरणार नाही, कारण त्यात माझाही हात होता. भरजरी पोशाख, केसात डझनभर काड्या, अशी ऐटीत उभी. नाना म्हणायचे, त्यांच्याकडची राणी असणार. कारखान्यात ओकुदा नावाचे जपानी साहेब आले होते, त्यांना नानांनी रविवारी जेवायला बोलावलं. दोन दिवस आधीपासून गल्लीला कामाला लावलं. काचेची ताटं माझी. सुमनबाईंनी भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, धपाटे केले. आणि भिंतीवर अर्थातच राणी. सुमनबाईंना वाटलं, पाहुण्याच्या देशाची राणी, तिला असं ओकंबोकं कसं ठेवायचं? मी म्हटलं, थांबा, माझ्या दारात झेंडू फुललाय. आम्ही दोघींनी घसघशीत हार करून त्या बाईला घातला.

ओकुदा साहेब आले, बूट काढले, वाकून नमस्कार केला, वर पाहिलं आणि त्यांचे कान लालभडक झाले. आम्हाला वाटलं, भरून आलं. सुमनबाईंनी त्यांना हळू आवाजात हिंदीत सांगितलं, "आपकी रानी." बरोबर आलेल्या दुभाष्यानं ते काही सांगितलं नाही. जेवण होईपर्यंत साहेबांनी एकदाही त्या भिंतीकडं मान वळवली नाही. वांगी मात्र तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी नानांना बाजूला घेऊन समजावलं. कमरेच्या पट्ट्याची गाठ पुढं बांधलेली आहे ना, ती राणी नसते. नाचगाण्याच्या वस्तीतली, पैसे मोजून भेटणारी बाई असते.

झालं! संध्याकाळी भिंतीपलीकडं लंका पेटली. "काढा ती बया! माझ्या हातानं हार घातला मी तिला! साऱ्या गल्लीला कळलं तर तोंड काळं व्हायचं!" मी धावत गेले, कारण हारातली अर्धी भागीदार मी. नाना खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. सावकाश बशी खाली ठेवून म्हणाले, "सुमन, काल ती तुला राणी दिसली. रातीतून ती बदलली का तू बदलली?"

"उगा शब्दात गुंतवू नका."

"नाय गुंतवत. समोर बघ." त्यांनी बुद्धाच्या तसबिरीकडं हात केला. "त्यांनी असल्याच बाईच्या घरचं जेवण घेतलं का नाय? राजाची पोरं आमंत्रण घेऊन आली, तर म्हणले, तिला शब्द दिलाय. त्यांच्या घरात तिला जागा हाय, आन् आपल्या भिंतीवर नाय व्हय?"

सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले की घाम पुसला ते मला दिसलं नाही. चित्र राहिलं. हार सुकल्यावर त्यांनीच काढला, आणि नंतर ती बाई भिंतीवर असली की सकाळी घरातल्या सगळ्या वस्तूंआधी तिची काच पुसली जायची. बाकी चित्रांशी त्यांनी कधी दोस्ती केली नाही. 'यांची कागदं' म्हणायच्या, धूळ झटकायच्या, आत काय आहे ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नाना निवृत्त झाले. मीही झाले, माझे यजमान गेले. दिवस एकासारखे एक. मग एका वर्षी माझ्या ध्यानात आलं की भिंतीवरचं चित्र फार लवकर बदलतंय. दोन-दोन महिने राहणारं चित्र आठवड्यात उतरायला लागलं. सोमवारी पूल, पुढच्या सोमवारी चंद्र, त्याच्या पुढं बगळा. थंडीत बर्फ, उन्हाळ्यातही बर्फ. आणि नाना त्याच्यासमोर खुर्ची ओढून, नाक काचेला टेकेल इतके पुढं वाकून बसलेले, डोळ्याला भिंग. मी म्हटलं, "काय हो नाना, एवढी गडबड? भिंत कुठं पळून चालली?"

नेहमीसारखे हसले नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गेले तर पावसाचं चित्र टांगलेलं, आणि वाकडं. चांगलं दोन बोटं वाकडं. ज्या माणसानं सूतभर चुकीसाठी पट्टी तीनदा काढून बसवली, त्याच्या भिंतीवर! फ्रेमवर पाणसळ ठेवलेली, बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटलेला. सुमनबाई भाजी आणायला गेलेल्या. मी म्हटलं, "नाना, हे वाकडं आहे."

त्यांनी पाणसळ हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. मग माझ्या हातात दिली.

"कुठंशीक हाय बुडबुडा?"

मग त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा चाललेला. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंब टाकून जितकं टिकंल तितकं. नाना शांतपणे सांगत होते. "कडंनं खात येतंय, ताई. मधलं तेवढं दिसतं. आधी चित्राभोवती कोरा कागद होता, आता तो कागदच चित्रात शिरायलाय."

"सुमनबाईंना माहीत आहे?"

"नाय. आन् तुम्ही सांगायचं नाय. तिला कळलं की पहिलं काम, ही सगळी उतरवील. आन् तिचं तरी काय चुकंल? ज्याला दिसत नाय त्याच्या घरात चित्र कशाला? पण बाविसांतलं एकेक मला अजून एकदा नीट बघायचंय. म्हणून ही घाई." मग म्हणाले, "आता भिंत पळायलीय, ताई."

मी चित्र सरळ केलं आणि घरी येऊन रडले. माझ्या यजमानांच्या वेळी सुद्धा अशी रडले नव्हते.

पुढच्या सोमवारी बगळा. बरोबर सरळ. त्याच्या पुढच्या सोमवारी बाई. सरळ. मला वाटलं, डॉक्टरांचे थेंब लागू पडले. एका दुपारी नाना आत झोपलेले, मी दारातून डोकावले, तर सुमनबाई स्टुलावर चढलेल्या, हातात पाणसळ, जीभ दातांत धरून बुडबुडा मधोमध आणत होत्या. मला पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि खाली उतरल्या.

"तुम्हाला माहीत आहे?" मी कुजबुजले.

"वरीस झालं. बशी हातानं चाचपत्यात. काचंवर धूळ असली तरी मला बोलत नाय. आधी केवढं बोलायचे!" डोळ्यांत पाणी, पण आवाज करडा. "मला कळलं असं त्यांना कळलं तर खचतील. म्हणून गप हाय. तुम्हीबी गप बसा, ताई. माझी शपथ हाय."

घ्या! त्यांना हिचं कळू द्यायचं नाही, हिला त्यांचं कळू द्यायचं नाही, आणि दोन्ही शपथा माझ्या पोटात. तहसीलमध्ये मी साहेबांचं गुपित दोन तास ठेवू शकले नव्हते. मी तीन आठवडे काढले. चौथ्या आठवड्यात चहाला बसलो असता नानांनी बशीत ओतायला घेतलेला चहा ताटात ओतला, आणि सुमनबाई पटकन दुसरीकडं बघत म्हणाल्या, "आज ऊन लई हाय, नाय?"

मी कप आपटला. "बास! ऊन गेलं खड्ड्यात! नाना, यांना वर्षभरापासून माहीत आहे. आणि सुमनबाई, तुम्हाला कळेल म्हणून हे घाबरलेत, कारण तुम्ही चित्रं उतरवाल. आता काय ती शपथ मोडली, माझं डोकं फुटायचं तर फुटू दे!"

 नाना ताटातल्या चहाकडं मान घालून बसले. सुमनबाई उठल्या, फडकं आणलं, ताट पुसलं. मग म्हणाल्या, "उतरवायला मी काय येडी हाय? इमानात बसून आणलेली कागदं."

मी चहा तसाच टाकून घरी आले, कारण तिथं माझं काम नव्हतं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं बराच वेळ बोलणं चाललं होतं. माझे कान तिखट आहेत, पण मी टीव्ही मोठा केला.

त्यानंतर वर्षभरात नानांचा उजवा डोळाही मिटत गेला. उजेड-अंधार तेवढा कळायचा. चित्र मात्र बदलत राहिलं, पूर्वीच्या चालीनं, सावकाश. आणि मुलगा माझ्या मागं लागला, आई एकटी कशाला राहतेस, पुण्याला चल. शेवटी मी हो म्हटलं.

निघायच्या सकाळी टेम्पो भरून झाला, मुलगा कुलूप लावत होता, मी निरोप घ्यायला पलीकडं गेले. एप्रिल संपत आलेला. भिंतीवर बर्फाचं गाव. नाना खुर्चीत, तोंड चित्राकडं. सुमनबाई स्टुलावर बसलेल्या, डोळ्याला नानांचं भिंग. मी दारातच थांबले.

"हं, चढ झाला. मग?" नाना विचारत होते.

"मग तीन माणसं. वाकून चाललेत. एकाच्या डोक्यावर गवताची टोपी हाय."

"दोघांच्या."

"व्हय, दोघांच्या. मग घरं. छपरावर बर्फ. चौथ्या घराच्या दारात बाई हाय."

"बाई नाय तिथं."

"हाय की."

"सुमन, वीस-बावीस वर्षं बघितलंय मी ते. चौथं घर बंद हाय. रस्त्यात ती तिघं, बाकी चित्रात माणूस नाय."

"कोण म्हणतं बंद हाय? एक फळी सरकलेली हाय. आत बाई उभी हाय. हातात दिवा हाय." त्या मागं वळल्या, मी दिसले. "ताई, तुम्ही या. तुम्ही सांगा यांना. माझ्यावर इस्वास नाय."

मी चपला काढून पुढं गेले. भिंग घेतलं. बर्फ, छप्पर, भिंत, आणि चौथ्या घराच्या काळ्या दारात बारीकशी फट. त्या फटीत, तांदळाच्या दाण्याएवढी, एक बाई. तोंड रस्त्याकडं. हातात पिवळा ठिपका.

"आहे, नाना," मी म्हटलं. "दिवा घेऊन उभी आहे."

नाना हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, मुलानं मला हाक मारली.

"भिंगातून मी रेघा बघितल्या," ते म्हणाले. "रंगाला रंग कुठं भिडतो ते बघितलं. बाई नाय बघितली." मग मान वर करून, जिथून सुमनबाईंचा आवाज येत होता तिकडं तोंड करून विचारलं, "कुणाची वाट बघायलीय गं? त्या तिघांतल्या कुणाची? तिच्या तोंडावरून काय वाटतंय? सांग की लवकर."

सुमनबाईंनी माझ्या हातातून भिंग घेतलं, पदरानं पुसलं आणि स्टूल भिंतीकडं थोडं सरकवलं.

"बघू तर द्या," त्या म्हणाल्या. "घाई कशाची? भिंत कुठं पळून चालली?"